कादंबऱ्याच का वाचता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. अमेरिकेतल्या चिनी लोकांचा इतिहास समजून घ्यायचाय तर कादंबऱ्या कशाला, कागदपत्रं वाचा, असं मला घरी-दारी ऐकवलं जातं.

वाचली की! १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना येणं बंद झालं. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा कित्येकांनी आपण इथेच जन्मल्याचं, म्हणजे नागरिक असल्याचं सांगितलं. नागरिकाच्या मुलाला येता येई. म्हणून नसलेले मुलगे नोंदवून त्या जागा विकल्या गेल्या. त्या जागांवर आले ते ‘कागदी मुलगे’. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावर, येणाऱ्यांच्या तपासणी ठाण्यात, त्यांची उलटतपासणी व्हायची. दाराला पायऱ्या किती? तांदळाचं पिंप कुठे असतं? उत्तरं पाठ करून यायचं आणि टिपणं उतरण्याआधी समुद्रात टाकायची.

माझ्या एका मैत्रिणीचे आजोबा असेच आले. सॅन ब्रुनोच्या सरकारी दप्तरखान्यातून तिने त्यांच्या जबानीची प्रत मागवली आणि आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात ती वाचत बसलो. विहीर कुठे, शेजारी कोण, आईचे पाय जुन्या चिनी प्रथेप्रमाणे बांधलेले आहेत का. पानंच्या पानं. सगळं चोख, आणि सगळं दुसऱ्याच्या घराबद्दल. खरं आडनाव फक्त थडग्यावर, चिनी लिपीत. त्याच दगडावर इंग्रजीत मात्र विकतचंच. “यात आजोबा कुठेच नाहीत गं,” ती म्हणाली. पानावरचा फोटो तेवढा त्यांचा होता. त्यावर हात ठेवून ती रडली. ते खोटं बोलले याचं तिला काहीच नव्हतं. ते घाबरले होते का, एवढंच तिला हवं होतं, आणि ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

आता सांगा, कुठे शोधायचं?

चिनी-अमेरिकी लेखिका मॅक्सीन हाँग किंग्स्टन ‘चायना मेन’ या कादंबरीसारख्या पुस्तकात आपले वडील अमेरिकेत कसे आले ते वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतात: एकदा पेटीत लपून, एकदा एंजल आयलंडवरून. पहिल्यांदा वाचताना मी चिडले होते, नक्की काय झालं ते सांगा ना! आज म्हणते, घरात खरं बोलणंच धोक्याचं होतं, तर मुलीने दुसरं काय लिहावं? यावर पूर्वीची मी विचारते, मग पुस्तकातली भीती कुणाची, त्या माणसाची की लेखिकेची? मला उत्तर देता येत नाही. या पुस्तकाला १९८१चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं तेही कथेतर विभागात.

मैत्रिणीने ते अर्ध्यावर ठेवलंय. आजोबा असे नव्हते, म्हणते. पुढे वाच, असं मी तिच्या मागे लागलेय.