एका खपलीचं वजन

आजचा अख्खा दिवस भोसरीत, एका ब्लोअरपाशी (हवा फेकणारा कारखान्यातला मोठा पंखा). तीन महिन्यांत दुसरं बेअरिंग गेलं, म्हणून सगळे बेअरिंगलाच शिव्या घालत होते. केसिंग उघडलं तर इम्पेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाच्या, पात्यांवर धुळीचा घट्ट थर, आणि एकाच पात्यावरची खपली तेवढी निखळलेली. म्हणजे चाकाचा तोलच गेलेला.

फोरमनकाका म्हणाले, "अहो साहेब, एवढीशी खपली! दहा ग्रॅम असेल नसेल."

मोबाइलवरच हिशोब करून दाखवला. ३०० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅम, ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) जवळपास ३० किलोचा बाहेरच्या दिशेचा ओढा. तोही सेकंदाला ५० वेळा गरगर फिरणारा. वेग निम्मा केला तर ओढा पाव, कारण इथे वेगाचा वर्ग लागतो. काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "चहा घेऊ आधी."

पाती घासून साफ केली, तरी थोडी थरथर उरलीच. मग चाकावर तात्पुरतं ट्रायल वजन, फेज बघणं (जड बाजू कुठे ते कळायला), पुन्हा रन (हे तीनदा!) आणि शेवटी तोल साधायला एक वॉशर वेल्ड. पंख्यांना तोलाची जी ६.३ (G 6.3) ही ग्रेड चालते, त्यात बसलं. काकांनी बेअरिंग हाउसिंगवर रुपयाचं नाणं उभं केलं. राहिलं की!

घरी आलो तर वॉशिंग मशीन धडधडत बाल्कनीकडे निघालेलं. आत एकटी सतरंजी.