राउटर बदलला आणि अर्धा रविवार गेला

परवाच्या विजांच्या कडकडाटात जुना राउटर गेला. आज नवा आणला, वायर खोचली. वायफाय दिसतंय, नेट नाही. दिवा लाल तो लालच. तीनदा बंद-चालू केला (आपला राष्ट्रीय उपाय).

शेवटी केबलवाल्या दादांना फोन. "सर, राउटरचं सेटिंग डायनॅमिक आयपीवर (पासवर्डशिवाय जोडणी) असेल. ते पीपीपीओई करा, युजरनेम-पासवर्ड टाका."

कपाटाच्या दारामागे चिकटवलेला कागद सापडला. पासवर्डमधलं ते शून्य की ओ, यात वीस मिनिटं. शून्य होतं.

मग जरा वाचत बसलो. पीपीपी म्हणजे डायल-अपच्या काळातली पद्धत, मोडेम किर्रर्र करायचा तेव्हाची. दोन टोकांची थेट जोडणी, आधी ओळख पटवा, मग आत या. इथरनेटवर मात्र एकाच जाळ्यात सगळी बिल्डिंग. कोणाचा प्लॅन चालू, कोणाचा संपलाय, कळणार कसं? म्हणून १९९९ मध्ये तीच पद्धत इथरनेटच्या पाकिटात घालायचं ठरलं, तेच हे पीपीपीओई. राउटर आधी आरोळी ठोकतो, 'आहे का कोणी?' पलीकडून 'आहे' येतं, सेशनचा नंबर मिळतो, मग पासवर्डची तपासणी.

या पाकिटाचेच ८ बाइट जातात, म्हणून एमटीयू (एका खेपेत जाणाऱ्या डेटाची कमाल मर्यादा) १५०० ऐवजी १४९२. मी शहाणपणा करून १५०० केलं होतं. काही साइट धडाधड उघडत होत्या, काही नुसत्या गरगर. परत १४९२ केलं, सुरळीत.

आईची मालिका मात्र तोवर संपली होती. ती अजून बोलत नाहीये.