मामा, वीट आणि अहमदाबाद

अहमदाबादला गेलो ते मावसभावाच्या लग्नाला. लग्न झकास झालं. डाळीतल्या साखरेबद्दल आमची कराडकर मंडळी अजून बोलताहेत. साबरमती आश्रम पाऊण तासात उरकला, कारण दुपारी नवरीकडच्यांचं जेवण होतं. असे तीन दिवस गेले. लिहायचंय ते चौथ्या दिवसाच्या सकाळबद्दल.

नवरीची एक मैत्रीण आयआयएममध्ये शिकते. तिने आत न्यायचं कबूल केलं, तसे मामाही निघाले. मामांनी कराडजवळ तीस वर्षं वीटभट्टी चालवली. मी मनात म्हटलं, आता लुई कान या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाची इमारत बघताना 'चहा कुठं मिळतो' हे ऐकावं लागणार.

आत शिरल्या शिरल्या मामा थबकले. "सगळं उघडंच ठेवलंय की गं. गिलाव्याला पैसे संपले का काय?"

मी ऐटीत इतिहास सांगायला घेतला. संस्था १९६१ची. विक्रम साराभाई, उद्योगपती कस्तुरभाई लालभाई यांची. इथले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आग्रह धरला म्हणून अमेरिकेतून कान आले, १९६२मध्ये. इथलं काम बघायला दोशी होतेच, शिवाय अनंत राजे, आपल्या मुंबईच्या जे.जे.त शिकलेले. कान गेल्यावर आवारातल्या पुढच्या बऱ्याच इमारती राजेंनीच केल्या. आणि कान गेले तेही कसे? मार्च १९७४मध्ये इथूनच परत जाताना, न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात. घरच्यांना पत्ता लागेपर्यंत देह दोन दिवस शवागारात पडून होता.

मामांचं लक्ष नव्हतं. ते कमानीकडे बघत होते. चपटी, रुंद कमान, आणि तिच्या दोन्ही पायांना जोडणारा काँक्रीटचा आडवा पट्टा. हा पट्टा मी फोटोंत शंभरदा पाहिलेला. मला वाटायचं, डिझाइन आहे.

"डिझाइन कसलं? कमान चपटी केली की पाय बाहेर फाकतात. ही धनुष्याची दोरी आहे. विटेला दाबलेलं चालतं, ताणलेलं नाही. ताण दोरीनं घ्यायचा." आणि मग हळूच, "डोकं आहे हां बाबाचं."

मग मी तो प्रसिद्ध किस्सा सांगितला. कान विद्यार्थ्यांना म्हणायचे, विटेला विचारा, बाई गं, तुला काय हवंय? वीट म्हणते, मला कमान आवडते.

मामा हसले नाहीत. वसतिगृहाच्या एका भिंतीपाशी गेले, तर्जनी वाकवली आणि दार ठोठवावं तशी वीट वाजवली. मग शेजारची. मग खालची. भट्टीवर गिऱ्हाईक वीट घेतं ते असं: खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची. तिथे काही खणखणल्या, काही बद्द वाजल्या. एकीचा पापुद्रा बोटाला आला. खाली ओलीनं फुटलेल्या क्षाराचा पांढरा पट्टा चढलेला. सिक्युरिटीवाला आमच्याकडे संशयाने बघत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"विटेला विचारलं ते बरं केलं," मामा म्हणाले, "भट्टीवाल्यालाही विचारायला पाहिजे होतं."

आता माझी कबुली. २०२०च्या डिसेंबरात संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडायचं ठरवलं होतं. जगभरचे वास्तुविशारद खवळले, आणि १ जानेवारी २०२१ला तो निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा मीही फेसबुकवर तावातावाने लिहिलं होतं. 'वारशावर हातोडा' वगैरे. विटा हलक्या प्रतीच्या आहेत, भिंतींतल्या सळया गंजून फुगतात आणि विटा फोडतात, २००१च्या भूकंपाने तडे वाढवलेत, हे सगळं वाचलं होतं, पण मला ते निमित्त वाटलं होतं. ती बद्द वाजणारी वीट ऐकेपर्यंत.

तरी पाडू नये असंच मला वाटतं. इथलं ग्रंथालय वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्यांच्या चमूने दुरुस्त केलंय, त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला, म्हणजे जमतं. आणि ही वसतिगृहं राहायला काय सुंदर आहेत! लांबलचक कॉरिडॉर नाहीत. खोल्या एका त्रिकोणी चौकाभोवती, चौकातून वारा, बाहेर भलीमोठी गोल भोकं, त्यांतून आलेलं ऊन जमिनीवर हळूहळू सरकत होतं. आमच्या पुण्याच्या हॉस्टेलात मी चार वर्षं ट्यूबलाइटखाली काढली. मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू.

मामांनी कमानीचा एक फोटो माझ्याकडून काढून घेतला आणि त्यांच्या जुन्या गवंड्याला व्हॉट्सॲपवर धाडला. उत्तर रात्री आलं, आम्ही परतीच्या गाडीत पुऱ्या सोडत असताना: "सेंटरिंग किती दिवस ठेवलं व्हतं?" सेंटरिंग म्हणजे कमान पक्की होईपर्यंत खालून दिलेला तात्पुरता आधार.

मामांनी फोन माझ्यापुढे धरला. "सांग की आता, तू एवढं वाचलंयस."