ओडम यांनी हेन्सनना परत का बोलावले असावे

पहाटे साडेपाचचा गजर लावून अमेरिकन फुटबॉल पाहणारी माणसे ठाण्यात फार नसावीत. माझ्या ओळखीत तरी माझ्यासह तिघेच आहेत. इंडियानातील वेस्ट लाफायेटला शुक्रवारी रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे शनिवारी पहाटे लागतो. 18 ऑक्टोबर 2024 च्या त्या सामन्यात ओरेगनने आमच्या पर्ड्यू विद्यापीठाला 35-0 असे धुतले; तो सुरू झाला तेव्हा सोसायटीत दूधवाल्याची पहिली फेरीही झालेली नव्हती. त्या हंगामात पर्ड्यूने 12 पैकी फक्त एक सामना जिंकला, नोत्र दामकडून 66-7 असा मार खाल्ला आणि शेवटच्या सामन्यात सख्ख्या शेजारी इंडियाना विद्यापीठाकडून 66-0. यावर अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

डिसेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षक रायन वॉल्टर्स यांच्या जागी बॅरी ओडम आले आणि त्यांनी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ल्याची बाजू सांभाळणारे प्रशिक्षक, म्हणून जॉश हेन्सन यांना आणले. 2025 च्या हंगामाआधी एका रविवारी आम्ही तिघे मामलेदार मिसळीला बसलो होतो ते याच विषयासाठी. वर्तकनगरचा माझा मित्र आणि मी पर्ड्यूत एकाच काळात शिकलो. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या काकूंची मुलगी सध्या तेथे शिकते. काकू निवृत्त शिक्षिका आहेत आणि नियम त्यांना आम्हा दोघांपेक्षा अधिक पाठ आहेत.

कोऑर्डिनेटर हे पद आपल्याकडच्या वाचकाला थोडे समजावून सांगायला हवे. क्रिकेटमध्ये खेळाडू मैदानात उतरले की प्रशिक्षकाला फार तर ड्रिंक्सच्या वेळी निरोप धाडता येतो. येथे मात्र चेंडू आपल्या संघाकडे असताना प्रत्येक चाल बाहेरून ठरते, आणि बहुतेक संघांत ती ठरवणारा माणूस म्हणजे हा कोऑर्डिनेटर. दोन चालींमध्ये 40 सेकंदांचे घड्याळ चालते. 2024 पासून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे मैदानात चाल सुरू करून पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये थेट बोलण्याची मुभा मिळाली आहे. मात्र घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज बंद होतो आणि पुढचे सारे त्या विशीतल्या मुलावर येऊन पडते.

आता हेन्सन यांच्याविषयी. ते स्वतः ओक्लाहोमा स्टेटकडून ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये खेळलेले, म्हणजे चेंडू घेऊन न पळता समोरच्याला रेटून धरणाऱ्या पाच जणांच्या पठडीतले. 2022 ते 2024 हे तीन हंगाम ते यूएससीमध्ये (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात) याच पदावर होते, पण तेथे चाली मुख्य प्रशिक्षक लिंकन रायली स्वतः सांगत. त्यामुळे यूएससीचे गुण पाहून हेन्सन यांना जोखणे म्हणजे हातगाडी कोणाची आणि वडे कोण तळतो हे न विचारता चवीला दाद देण्यासारखे आहे. स्वतःच्या हुकमतीत त्यांनी चाली सांगितल्या त्या मिझुरी विद्यापीठात, 2013 ते 2015 या तीन हंगामांत. 2013 मध्ये मिझुरीने 12 सामने जिंकले, 2 हरले. त्या वर्षी आणि 2014 मध्येही एसईसी या विद्यापीठांच्या साखळीच्या पूर्व विभागात पहिला क्रमांक पटकावला. 2015 मध्ये मात्र संघाची सरासरी 14 गुणांच्याही खाली घसरली.

मला या प्रकरणात सर्वांत अधिक रस आहे तो येथेच, कारण 2015 मध्ये मिझुरीच्या बचावाची सूत्रे याच ओडम यांच्याकडे होती. त्यांच्या बचावाने जॉर्जियाला एकही टचडाऊन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे सहा गुण) करू दिला नाही, तरी सामना 9-6 असा गेला. पुढच्याच आठवड्यात व्हँडरबिल्टने 10-3 असे हरवले. दुसऱ्या बाजूच्या नाकर्तेपणामुळे आपली मेहनत मातीत जाताना ज्याने इतक्या जवळून पाहिले, त्या माणसाने हंगाम संपल्यावर मुख्य प्रशिक्षकपद हाती येताच हेन्सनना न ठेवता जॉश हायपल यांना आणले. नऊ वर्षांनी मात्र त्याच माणसाने त्याच हेन्सनना बोलावले.

"नापास केलेल्या मुलाला त्याच मास्तरांनी पुन्हा वर्गात घेतलं, तर एक तर मास्तर भोळे आहेत, नाहीतर पेपर किती अवघड होता ते त्यांना ठाऊक आहे," असे काकू म्हणाल्या. तो पेपर खरोखरच अवघड होता. नेहमीचा क्वार्टरबॅक निलंबित झाला होता, त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा ड्रू लॉक उभा होता, आणि नोव्हेंबरमध्ये तर विद्यापीठातील आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी खेळाडूंनी खेळणेच थांबवले होते.

मित्राला हे पटले नाही. लेन डॉसन, बॉब ग्रीसी, ड्रू ब्रीझ असे क्वार्टरबॅक घडवणाऱ्या विद्यापीठाने लांब पास फेकणारी पद्धतच चालवावी, असे त्याचे ठाम मत आहे. "अरे, तसाच माणूस होता की आपल्याकडे," मी म्हणालो. 2024 चा हंगाम सुरू झाला तेव्हाचे आमचे कोऑर्डिनेटर ग्रॅहम हॅरेल स्वतः टेक्सास टेकचे नामांकित क्वार्टरबॅक, पास फेकण्याच्या शाळेतच वाढलेले; नेब्रास्काविरुद्धच्या पराभवानंतर सप्टेंबर संपायच्या आत त्यांना घरी पाठवावे लागले. त्यावर मित्राने इलिनॉयचा सामना काढला. हॅरेल यांच्यानंतर आलेल्या हंगामी माणसाच्या हाताखाली संघाने तेथे 49 गुण केले आणि जादा वेळेत बरोबरी साधण्याऐवजी विजयासाठी दोन गुणांचा डाव टाकून एका गुणाने सामना गमावला. "म्हणजे मुलं तीच होती, सांगणारा बदलला!" हा मुद्दा मला खोडता आला नाही, फक्त पुढच्याच सामन्यात ओरेगनसमोर त्याच मुलांना भोपळा फोडता आला नव्हता, एवढे मी सांगितले.

मग मी फरसाणातून पाच शेंगदाणे वेचून बशीत ओळीने मांडले आणि त्यांच्या मागे पिवळी शेव ठेवली. शेंगदाणे म्हणजे ती पाच जणांची ओळ (सर्वांत डावीकडचा तो लेफ्ट टॅकल), शेव म्हणजे क्वार्टरबॅक. माझे म्हणणे इतकेच होते की शेंगदाणे जागचे हलले तर शेवेने कितीही सुंदर पास ठरवला असला तरी तो फेकायला तिला सवड मिळत नाही, आणि 2024 चा हंगामभर आम्ही नेमके तेच पाहिले. ओळ उभी करणे हाच हेन्सन यांचा आयुष्यभराचा व्यवसाय असल्यामुळे मला ही निवड साधारणपणे बरी वाटली. शंका होती ती 2015 सारखीच परिस्थिती पुन्हा समोर असण्याची: टाइट एंड (ओळीच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा खेळाडू) मॅक्स क्लेअर ओहायो स्टेटला गेला होता, क्वार्टरबॅकची जागा कोणाची हे ठरायचे होते, आणि नऊ हंगाम स्वतः चाल न सांगितलेल्या माणसाला 40 सेकंदांच्या घड्याळाची सवय पुन्हा करून घ्यायची होती. म्हणून 2025 च्या हंगामात मी धावफलकाकडे उशिरा पाहायचे ठरवले. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात; त्यातल्या तिसऱ्या प्रयत्नात एक-दोन यार्ड हवे असताना ते सरळ घुसून मिळतात की नाही, हे आधी पाहायचे.

मी हे सांगत असतानाच मित्राने डावीकडचा शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "अहो, लेफ्ट टॅकल खाल्लात तुम्ही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक पाव मागवला.