निळ्याच्या खाली काय?
सकाळी पोहे-जिलेबी खाताना पाकाचा थेंब पडला तो लेकीच्या नकाशावर, नेमका हिंदी महासागरात. किनारे रंगवून झाले होते. "बाबा, आत नुसतं निळंच?"

मग समुद्रतळाचे नकाशे काढणारी अमेरिकी मेरी थार्प आठवली. तेव्हा जहाजावर बायकांना मज्जाव, म्हणून कोलंबिया विद्यापीठात टेबलाशी बसून ती इतरांनी आणलेले, समुद्राची खोली सांगणारे प्रतिध्वनीचे आकडे कागदावर उतरवायची. त्यातून अटलांटिकच्या तळाशी, डोंगररांगेच्या ऐन माथ्यावर, दरी निघाली. सहकारी ब्रूस हीझन आधी म्हणाला, बायकी बडबड! (नंतर पटलं म्हणा.) १९७७ साली दोघांचा अख्ख्या समुद्रतळाचा नकाशा आला.

इंदुरातून समुद्र बघायचा तर मुंबईची रात्रभराची गाडी. लेकीने बसल्या जागी निळ्यावर तपकिरी डोंगर काढले. आणि पाकाचा डाग?

"ते बेट आहे."