पिकअपचा रिमोट चालेना? आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा

बटण दाबलं आणि दार उघडलं नाही, की आपण सगळे पहिल्यांदा सेल बदलतो. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं की पुढची उडी थेट नव्या किल्लीवर पडते, आणि ती प्रोग्रॅम करून झाल्यावर कळतं की बिघाड दाराच्या स्विचमध्ये होता. हे पैसे आणि वेळ हमखास वाचवता येतात. किल्ली उघडण्याआधी फक्त एवढं ठरवायचं: दोष किल्लीत आहे, गाडीच्या रिसीव्हरमध्ये (रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या भागात) आहे, की कुलुपात?

यासाठी दुसऱ्या किल्लीइतकं चांगलं हत्यार नाही. दुसरीनं काम झालं तर दोष पहिल्या रिमोटचा. दोन्ही एकदमच बंद पडल्या असतील तर रिमोट खोलूच नका, गाडीकडे वळा. दोन सेल एकाच दिवशी संपणं फार क्वचित घडतं.

मग केबिनमध्ये बसून दारावरचं सेंट्रल लॉकिंगचं बटण दाबा. सगळी दारं खटकन लागली तर कुलपं हलवणाऱ्या छोट्या मोटारी, त्यांचा फ्यूज आणि तारा ठीक आहेत. संशय उरतो तो रिसीव्हरवर किंवा त्याला मिळणाऱ्या करंटवर. एकच दार मागे राहत असेल तर त्याच दाराची मोटार, किंवा दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या तारा. दार उघडून-मिटून तिथली तांब्याची तार आतल्या आत तुटते आणि वरचं आवरण मात्र धड दिसतं. नळी सरकवून एकेक तार हलकेच ओढून बघा, तुटलेली तार रबरासारखी ताणते. ज्या पिकअपमध्ये मागचा फाळकाही सेंट्रल लॉकिंगला जोडलेला असतो, तिथे हाच प्रकार फाळक्याच्या बिजागरीपाशी होतो. त्यात चिखल आणि धूळ यांची भर.

‘उघडतं पण लॉक होत नाही’ ही तक्रार वेगळी काढायला हवी. बहुतेक गाड्या किल्ली इग्निशनमध्ये असताना रिमोटचं ऐकतच नाहीत, आणि एखादं दार उघडं आहे असं वाटलं तर लॉक करायला नकार देतात. दार प्रत्यक्षात बंद असतं, पण त्याचा स्विच खराब झाल्यामुळे गाडीला ते उघडं दिसतं. डॅशबोर्डवर उघड्या दाराचं चिन्ह राहतंय का, केबिनचा दिवा विझतोय का, ते बघा. दीड केबिनच्या पिकअपमध्ये मागची छोटी दारं उलटी उघडतात. ती पूर्ण बसली नाहीत तरी असंच होतं. दुसऱ्या किल्लीनंही लॉक होत नसेल तर रिमोट निर्दोष समजा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘इंजिन तर सुरू होतंय, म्हणजे किल्ली चांगली आहे’ हे खरं नाही. एकाच कवचात दोन स्वतंत्र वस्तू असतात. इंजिनला परवानगी देणारी चिप सेलवर चालत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींनी तिला जागेवरच ऊर्जा देते. दारं उघडणारा ट्रान्समीटर मात्र सेलवर चालतो, आणि तो बहुधा ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर बोलतो. म्हणून इंजिन सुरू आणि रिमोट मेलेला, किंवा याच्या उलट, दोन्ही शक्य आहे. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांची किल्ली गाडीची हाक ऐकण्यासाठी सतत जागी असते, त्यामुळे तिचा सेल लवकर उतरतो. ती गाडीजवळच्या खुंटीवर टांगली तर आणखी लवकर. सेल पूर्ण संपला तरी किल्लीच्या आत लपवलेल्या धातूच्या पात्यानं दार उघडतं, आणि किल्ली स्टार्ट बटणाला किंवा नेमून दिलेल्या खाचेला टेकवली की इंजिन सुरू होतं. ती जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

आता सेल. नवा सीआर २०३२ मल्टिमीटरवर ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. नुसता काढून मोजला तर जुनाही ३ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. खरी परीक्षा भाराखाली होते: सेल जागेवर ठेवून दोन्ही टोकांना प्रोब लावा आणि बटण दाबून धरा. आकडा ३.०वरून २.९वर आला तर हरकत नाही. २.४पर्यंत कोसळला तर सेल थकलाय. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रक्षेपणाला एकदम लागणारे काही मिलिअँपिअर त्याला झेपत नाहीत. थंडीत हा रोध आणखी वाढतो. आधी रेंज कमी होणं, पहाटे न चालणं आणि दुपारी चालणं, ही सगळी सेलची लक्षणं.

सेलचे आकडे नीट वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ची जाडी २.५ मिलिमीटर. व्यास तोच असल्यामुळे तो बसतो, चालतोही, पण खिशात हलला की संपर्क सुटतो. रिचार्ज होणारा एलआयआर २०३२ घालू नका, पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. तो संपर्कात अडथळा आणू शकतो, तेव्हा सेल बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. सेलला टेकणारी धातूची पत्री दबली असेल तर लाकडी काडीनं किंचित उचला. जोर लावलात तर तिचा डाग, म्हणजे बोर्डाशी जोडणारा सोल्डरचा टाका, सुटतो. आणि काढलेला सेल टेबलावर पडू देऊ नका: मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

सेल चांगला असूनही एकच बटण चालत नसेल तर दोष त्या बटणात. बटणं दोन प्रकारची. काहींत रबराच्या खाली काळी कार्बनची टिकली असते. ती आणि बोर्डावरच्या पट्ट्या अल्कोहोलनं पुसल्या की बहुधा काम होतं. इतरांत बोर्डावर टिकटिक वाजणारा छोटा स्विच असतो. सेल काढून मल्टिमीटर ओहमवर लावा: न दाबता संपर्क नको, दाबल्यावर एखाद-दुसऱ्या ओहमच्या आत यायला हवा. स्विचच्या पायांचे डाग भिंगाखाली बघा. रोज अंगठ्यानं दाबून त्यांना केसासारखी चीर जाते. अडकून दाबलेलंच राहिलेलं बटण आणखी त्रासदायक, कारण ते नवा सेल लवकर संपवतं आणि इतर बटणांनाही बोलू देत नाही.

रिमोट पडल्यानंतर लगेच बंद झाला तर सेलच्या पत्रीचे डाग आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल यांच्यावर पहिला संशय घ्या. क्रिस्टल गेला असेल तरी रिमोटवरचा लाल दिवा लुकलुकू शकतो आणि लोक समजतात की सिग्नल जातोय. दिवा फक्त बटण दाबल्याचं सांगतो. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासतात ती युक्तीही इथे चालत नाही, कारण तिथे इन्फ्रारेड प्रकाश असतो आणि इथे रेडिओ लहरी. किल्लीवाल्याकडचा फ्रिक्वेन्सी टेस्टर किंवा लॅपटॉपला लावलेला आरटीएल-एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी पडद्यावर दाखवणारा छोटा रिसीव्हर) हे काम चोख करतो: बटण दाबताच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर उंच शिखर दिसलं पाहिजे. रिमोट पाण्यात पडला तर सर्वांत आधी सेल काढा. ओल्या बोर्डावर करंट असला की तांबं झिजून हिरवा थर चढतो. अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुऊन वाळवा. तांदळात पुरल्यानं तो थर जात नाही.

सिग्नल जातोय पण गाडी दाद देत नाही? रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतो आणि गाडी पुढच्या ठरावीक कोडांचीच वाट पाहते. खिशात, गाडीपासून दूर, बटण फार वेळा दाबलं गेलं तर दोघांची मोजणी जुळत नाही. अनेक गाड्यांत गाडीजवळ उभं राहून तेच बटण लागोपाठ दोन-तीनदा दाबलं की मेळ पुन्हा बसतो.

रेंज दोन्ही किल्ल्यांची घटली असेल तर पिकअपवर नंतर बसवलेल्या वस्तूंकडे बघा. सॉकेटमधला स्वस्त चार्जर, डॅशकॅम, एलईडी लाइटबार, ट्रॅकर यांतला कुठलाही रेडिओ गोंगाट करू शकतो. सगळे काढा, तपासा, मग एकेक लावत जा. हौद्यावर लोखंडी टप असेल तर मागच्या बाजूनं रेंज कमी मिळणं स्वाभाविक आहे. एकाच जागी उभी असताना त्रास आणि थोडं पुढे नेल्यावर सगळं सुरळीत, असं असेल तर अडथळा त्या जागेत आहे. गाडीची मोठी बॅटरीही मोजा: उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आठवडेच्या आठवडे उभ्या असणाऱ्या पिकअपमध्ये दोष अनेकदा इथेच सापडतो.

प्रोग्रॅमिंग, म्हणजे रिमोट गाडीला ओळखायला लावणं, शेवटी करा, चाचणी म्हणून कधीच नको. फोर्ड एफ-१५०च्या काही जुन्या मॉडेलांत इग्निशन १० सेकंदांत ८ वेळा चालू-बंद केलं की दारं आपोआप लॉक-अनलॉक होतात, आणि मग प्रत्येक रिमोटचं एकेक बटण दाबायचं असतं. पण त्याच बैठकीत न दाबलेला जुना रिमोट यादीतून पुसला जातो. बऱ्याच नव्या गाड्यांत हे काम निदान-सॉकेटला (गाडीतले दोष वाचायचं यंत्र जोडायच्या जागेला) यंत्र लावूनच होतं. आणि रिमोट जोडला म्हणजे इंजिनची चिप जोडली असं नाही, ते वेगळं काम आहे.

फक्त कवच फुटलं असेल तर रिकामं कवच आणून बोर्ड हलवणं सगळ्यात स्वस्त. इथे एकच जागा नीट बघा: पुष्कळ किल्ल्यांत इंजिनची चिप बोर्डावर नसते. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा चपटा काळा तुकडा कवचाच्याच खोबणीत चिकटवलेला असतो. जुनं कवच कचऱ्यात गेलं की तीही गेली, मग दार उघडेल पण इंजिन उठणार नाही. ती चिप पातळ पात्यानं, न वाकवता, सोडवा आणि नव्या खोबणीत बसवा. नवा रिमोटच घ्यायचा असेल तर जुन्याच्या पाठीवरचा भाग क्रमांक, फ्रिक्वेन्सी आणि चिपचा प्रकार हे तिन्ही जुळवून घ्या. दुसऱ्या गाडीवर एकदा जोडलेला वापरलेला रिमोट बऱ्याचदा पुन्हा जोडला जात नाही. जोडून झाल्यावर तिथेच तपासा: सगळी बटणं, दहा-पंधरा पावलांवरून लॉक, पात्यानं दार उघडणं आणि इंजिन सुरू होणं.