किटली जप्त, तांब्या पास: दोन लहान मुलं घेऊन क्रूझवर

"कोणाक बोट लागायची नाय ना गो?" क्रूझचं ऐकल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न हा. दुसरा त्यांनी विचारलाच नाही, पण तो रामदास बोटीचा होता हे मला कळलं. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण मालवणकडच्या घरात समुद्राचं नाव निघालं की रामदास निघतेच. आणि एवढं असून त्यांच्या लहानपणीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी बोटीनेच सुरू व्हायची. भाऊचा धक्का, डेकवर पसरलेल्या वळकट्या, शेजारच्याच्या उलट्या, आणि मालवण आलं की भर समुद्रात पडावात उतरायचं. त्यामुळे त्या घाबरत होत्या आणि सगळ्यात आधी बॅगही त्यांचीच भरून झाली होती.

आमची मोठी साडेचार वर्षांची, धाकटा वीस महिन्यांचा. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, फेब्रुवारीत. जाहिरातीत एक गोंडस बाळ टोपी घालून पाण्याच्या कडेला बसलेलं होतं. त्या बाळाविषयी पुढे बोलते.

बुकिंगमध्येच पहिली अडचण आली. आम्ही माणसं पाच, त्यात एक मांडीवरचं. चौघांच्या खोलीत मावू, असा आमचा हिशेब. फोनवरच्या मुलीने सांगितलं, नाही चालणार. मला वाटलं जादा पैसे काढायचे धंदे. पण कारण ऐकल्यावर गप्प बसले: जहाजावर बाळ कितीही लहान असलं तरी एक माणूस म्हणूनच मोजतात, कारण वेळ आलीच तर जीवनौकेत त्याचीही जागा लागते. विमानासारखं मांडीवर घेऊन भागत नाही. म्हणून दोन खोल्या घ्याव्या लागल्या. मधलं दार उघडणाऱ्या जोडखोल्या मिळाल्या हे नशीब. सहा महिन्यांच्या आतलं बाळ तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, आणि लांबच्या समुद्रप्रवासाला ही अट वर्षाची होते.

चूक आम्ही केली ती खोलीच्या जागेत. जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वरच्या मजल्यावरच्या खोल्या स्वस्त पडत होत्या. नवऱ्याने नकाशा बघून "व्ह्यू भारी असणार" म्हटलं आणि पैसे भरले. सासूबाईंना हे कळलं ते निघायच्या आदल्या दिवशी. "नाळीकडे खोली कित्याक घेतलंस रे?" एवढंच बोलल्या. होडीत बसलेल्या माणसाला जे ठाऊक असतं ते आम्हाला नव्हतं: सी-सॉच्या फळीसारखंच जहाजाचं असतं, टोकं वरखाली होतात आणि मध्यभाग त्या मानाने स्वस्थ राहतो. खालचा मजला आणि मधली खोली, मग खिडकी नसली तरी चालेल. खरं तर लहान मुलं असतील तर खिडकी नसलेलीच बरी, कारण दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो आणि पोरं सकाळी सहाला उठून बसत नाहीत.

मुलांच्या डॉक्टरांकडे आधी जाऊन आले, ते फार बरं झालं. मला धाकट्याची काळजी होती. ते म्हणाले, काळजी मोठीची करा. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी किंवा बोट सहसा लागत नाही, त्यानंतर शाळेच्या वयात ते वाढतं. मोठीसाठी औषध वजनावरून लिहून दिलं आणि ते निघायच्या आधी द्यायचं, उलटी झाल्यावर नाही, हे दोनदा बजावलं. धाकट्याला काहीच दिलं नाही. मी मनाने एखादा थेंब पाजला असता तर, म्हणून हे लिहितेय.

बॅलार्ड पियरला ग्रीन गेटशी टॅक्सी सोडली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते, म्हणजे धाकट्याच्या झोपेची नेमकी वेळ. रांगेत दोन तास गेले. सगळ्यांची आधार कार्डं, धाकट्याचं बाल आधार काढायचं राहिलं होतं म्हणून जन्माचा दाखला (फोनवर आधीच विचारून घेतलं होतं), मग सामानाची तपासणी. तिथे आमची इलेक्ट्रिक किटली अडकली. सोबत एक्स्टेंशन बोर्डही. जहाजावर आगीची धास्ती सगळ्यात मोठी, त्यामुळे तापणारं काहीही खोलीत नेता येत नाही. किटलीवर माझा सगळा बेत उभा होता: बाटल्या उकळणं, नाचणीचं सत्त्व, रात्रीचं दूध. मी तिथल्या माणसाशी वाद घालत होते तेवढ्यात पट्ट्यावरून सासूबाईंची पिशवी आली. पडद्यावर तांब्याची बाह्यरेषा अगदी स्वच्छ. "मॅडम, ये क्या है?" "लोटा," सासूबाई म्हणाल्या. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पिशवी पुढे सरकवली. मला किटलीची पावती मिळाली.

मोठ्या बॅगा तिथेच घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीशी येतात. म्हणजे मधले चार-पाच तास तुमच्या हातात जे आहे तेवढंच. मी पाच डायपर, दोन जोड कपडे आणि थर्मास हाताशी ठेवला होता, म्हणून निभावलं. शेजारच्या एका बाईने सगळंच मोठ्या बॅगेत टाकलं होतं. माझे पाचातले दोन तिच्याकडे गेले.

निघायच्या आधी सगळ्यांना संकटकाळच्या कवायतीला बोलावलं. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. पूर्वी ही कवायत निघाल्यावर चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालायची. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी होते. भोंगा वाजला तसा धाकट्याने तो टाहो फोडला की पुढच्या सूचना मला ऐकूच आल्या नाहीत. पण दोन कामं झाली. मोठीच्या मनगटावर जमायच्या जागेचा नंबर असलेला पट्टा बांधला, आणि खोलीतली जीवरक्षक जाकिटं सगळी मोठ्यांच्या मापाची आहेत हे लक्षात आलं. मुलांची मागितली, तेव्हा रात्री आणून दिली. आपणहून कोणी देईल म्हणून थांबू नका.

संध्याकाळी जहाज सुटलं. मुंबईचे दिवे मागे पडले आणि डाव्या हाताला खांदेरीचा दीपस्तंभ लुकलुकायला लागला. १८६७ पासूनचा आहे तो. मोठीने विचारलं, "तिथे कोण राहतं?" सासूबाईंनी तिला शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी कसा थयथयाट केला ते सांगितलं. अर्धा तास दोघी कठड्याजवळच्या बाकावर बसून होत्या. पूर्ण प्रवासात मुलं इतकी शांत पुन्हा कधी बसली नाहीत, आणि त्याला एक पैसा पडला नाही.

आता ते टोपीवालं बाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याला पोहण्याचा खास डायपर घालून, बदक घेऊन पूलवर गेलो. पाय पाण्यात बुडायच्या आत तिथला मुलगा धावत आला. ज्या मुलाला शी-शू सांगता येत नाही, त्याला पूलमध्ये प्रवेश नाही. पोहण्याचा डायपर असला तरी नाही, कारण तो शी अडवतो पण जंतू अडवत नाही, आणि तेच पाणी शेकडो माणसांच्या नाकातोंडात जातं. नियम बरोबर आहे. पण हा बुकिंगच्या वेळी कोणी सांगितला नाही, याचा राग मला अजून आहे. जाहिरातीतलं बाळ पाण्याच्या कडेला का बसलं होतं ते तेव्हा कळलं. मुलांच्या खोलीतही तेच. वय तीनच्या वर आणि डायपर सुटलेला हवा. मोठी तिथे रमली, मला परत न्यायला आलेली बघून रडली. धाकट्याला पूल नाही, खेळघर नाही, फक्त लांबच लांब कॉरिडॉर, ज्यात तो दिवसभर पळत होता आणि मी त्याच्या मागे.

त्या दिवशी तांब्या कामाला आला. खोलीतलं न्हाणीघर म्हणजे एका माणसाने कोपरं अंगाशी धरून उभं राहायचं. टब नाही, बादली नाही, टमरेल नाही. शॉवर सोडला की धाकटा भिंतीला चिकटून किंचाळे. सासूबाईंनी त्याला उंच उंबरठ्यावर पाय ठेवून आपल्या मांडीवर आडवं घेतलं, जसं बाळंतिणीच्या घरी घेतात तसं, आणि मी बेसिनमधून एकेक तांब्या भरून देत गेले. जहाज जरा कललं की तांब्यातलं पाणी एका बाजूला चढे, त्या क्षणभर थांबत आणि पाणी सरळ झालं की ओतत. किती वर्षांनी बोटीत बसल्या होत्या, पण हात विसरले नव्हते. पूल हुकलेलं पोर तिथे खदखदून हसलं.

किटलीचं म्हणाल तर ती लागलीच नाही. जेवणाच्या हॉलमधल्या वाढप्याला सांगितलं की लहान बाळ आहे, मऊ मुगाची खिचडी हवी, तिखट नको. पहिल्या रात्री तूप घालून आलेली खिचडी पुढच्या प्रत्येक जेवणाला न मागता आली. उकळतं पाणी थर्मासमध्ये भरून मिळे. बुफेतल्या चाळीस पदार्थांपैकी माझ्या पोरांनी खाल्लं ते म्हणजे खिचडी, दहीभात, कलिंगड आणि आइस्क्रीम.

दुसऱ्या रात्री मोठीला बोट लागली. संध्याकाळचं औषध द्यायचं मी विसरले होते, कारण ती मजेत होती. जेवून खोलीकडे येताना कॉरिडॉरमध्येच भडभडून ओकली. दोन मिनिटांत मास्क आणि हातमोजे घातलेली दोन माणसं आली, आमच्याभोवती जागा मोकळी केली, गालिच्यावर कसलीशी पूड टाकली आणि मला प्रश्न विचारायला लागली. जुलाब आहेत का? ताप? बाकी कोणाला? मला आधी अपमान वाटला. नंतर जहाजावरच्या डॉक्टरांनी समजावलं की पोटाचा संसर्ग जहाजावर फार वेगाने पसरतो, म्हणून प्रत्येक उलटी आधी संशयितच. तसा संसर्ग निघाला असता तर आम्हाला खोलीत बसवून ठेवलं असतं. निघाला नाही. सासूबाईंनी तिला जहाजाच्या मध्यावरच्या सोफ्यावर नेऊन निजवलं, तोंडात आमसूल दिलं आणि "लांब बघ, जवळ बघू नको" म्हणत राहिल्या. दूरवर कुठल्यातरी मासेमारीच्या होडीचा दिवा होता. तो मोजत मोजत ती झोपली. त्यांना स्वतःला? "माका काय होवचा नाय." आणि खरंच काही झालं नाही. नवरा मात्र सकाळपर्यंत पालथा पडून होता.

गोवा आमचं म्हणाल तर पाच तासांचं. मुरगाव बंदरात डोळ्यांपुढे येतात ते कोळशाचे ढीग आणि क्रेन, माडबिड नाही. सगळी बसभर माणसं पणजीला निघाली. आम्ही मुलांना तासभर गाडीत बसवायचं नाही असं ठरवून जवळच बोगमाळो रस्त्यावरच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलो. उघड्यावर उभी केलेली जुनी विमानं, मधोमध ते अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन, आणि पळायला मोकळी जमीन. वीस महिन्यांच्या पोराला न हलणारी जमीन बघून जो आनंद झाला तो मला समुद्रकिनाऱ्यावरही दिसला नसता. परत यायच्या वेळेचा मात्र वचक ठेवा. जहाज कोणासाठी थांबत नाही.

शेवटच्या रात्री सूचना आली की मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवा, सकाळी थेट बंदरावर मिळतील. मुलं झोपल्यावर मी इतकी शहाण्यासारखी, इतकी नीटनेटकी आवराआवर केली की काही विचारू नका. सकाळी सहाला धाकटा ओला होऊन उठला तेव्हा लक्षात आलं की डायपरचं पाकीट बॅगेत आणि बॅग जहाजाच्या पोटात. सासूबाईंनी न बोलता आपल्या सुती साडीच्या पिशवीतून एक मऊ पंचा काढला, तिकोनी घडी घातली आणि बांधला. "आमच्या बोटीत हेच होता."

उतरल्यावर किटली घ्यायच्या रांगेत मी उभी राहिले. पुढे बारा-पंधरा जण, प्रत्येकाच्या हातात पावती. इस्त्र्या, किटल्या, एकाकडे चक्क इंडक्शन शेगडी होती. बारीक तोंडाने सगळे एकमेकांच्या वस्तू बघत होतो. माझा नंबर येईपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात पंचाही ओला झाला.